पावसामुळे रद्द

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मागे लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हाची एक संध्याकाळ मनातून जात नाही. नातवाला मोटारसायकलींचं वेड. "आजी, स्पीडवे बघायला चल," म्हणाला, म्हणून गेले. शर्यत काही बघायला मिळाली नाही, पण जे बघितलं त्यानं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाईला विचारात पाडलं.

आधी स्पीडवे म्हणजे काय ते सांगते. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. पाचशे सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन आणि गाडीला ब्रेकच नाही! वळणावर मागचं चाक घसरवत, गाडी तिरकी करूनच वळायचं. एक शर्यत मिनिटभरात संपते. त्या मिनिटात स्वाराचा सगळा भरवसा पायाखालच्या मातीवर.

१५ डिसेंबर १९२३ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर, विजेच्या उजेडात अशा शर्यती झाल्या. जॉनी हॉस्किन्स हे त्या संस्थेचे सचिव. खेळाचा जन्म तिथलाच असं पुष्कळ जण मानतात, काही जण त्याहून जुने दाखले देतात. जन्मतारखेचे वाद काही आपल्याकडेच नसतात! इंग्लंडमध्ये खेळानं मूळ धरलं ते लंडनजवळच्या हाय बीचला, १९ फेब्रुवारी १९२८ ला. (तारीख आपल्या चांगलीच ओळखीची, नाही का?) अपेक्षा काही हजारांची होती, आले त्याच्या कितीतरी पट लोक. तेव्हा ट्रॅकवर जळक्या कोळशाची खर पसरत. आता बहुतेक ठिकाणी शेल नावाच्या ठिसूळ खडकाचा चुरा असतो.

आम्ही गेलो ते गाव लहान. दुपारी पाऊस पडून गेला होता, आभाळ अजून भरलेलंच. ट्रॅकवर दहा-बारा माणसं कामाला लागलेली. मला वाटलं, नोकर असतील. नातू म्हणाला, "नाही गं आजी, हे सगळे फुकट करतात. क्लबचे प्रेक्षकच आहेत." त्यात माझ्याच वयाची एक बाई होती. गमबूट घालून, हातात दाताळं घेऊन ती चिखल ओढत होती. ट्रॅक्टरमागे लावलेलं पातं वरचा ओला थर खरवडून कडेला नेई. साचलेलं पाणी ही मंडळी फावड्यानं काढत, मग तिथे कोरडा चुरा टाकून वरून रोलर फिरवत.

कुंपणाशी उभी राहून मी तिला विचारलं, नातू मधे दुभाषा. ती म्हणाली, पाऊस येणार असं कळलं की आदल्या दिवशीच रोलर फिरवून माती घट्ट दाबायची. म्हणजे पाणी आत न मुरता आतल्या कडेला वाहून जातं. भुसभुशीत राहिली तर सगळं पितं आणि मग चाक रुततं. मला एकदम माहेरचं खळं आठवलं. चोपून चोपून घट्ट केलेलं, वर शेणाचा सारवा. तत्त्व तेच की! फरक इतकाच, की खळ्यावर कुणी विनाब्रेकची गाडी घालत नाही.

चार तास ते राबले. मग पंच आले, सगळा ट्रॅक फिरले, वळणावर टाचेनं माती दाबून पाहिली. त्या बाईला काहीतरी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मान हलवली. शर्यत रद्द झाली.

नातवानं नंतर सांगितलं, पंचांनी विचारलं होतं की तिसरं वळण टिकेल का, आणि ती "नाही" म्हणाली. क्लबची परिस्थिती बेताची. एक रात्र बुडाली की तिकिटांचे पैसे गेले, स्वार लांबून आलेले. शिवाय चार तासांची तिची स्वतःची मेहनत. "चालेल" म्हणायचा मोह किती झाला असेल! पण त्या वळणावर कुणाचा तरी मुलगा जाणार होता.

हे फक्त गरीब क्लबांचंच दुखणं नाही. मँचेस्टरला बेल व्ह्यू क्लबसाठी नवं कोरं राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम बांधलं. १९ मार्च २०१६ ला उद्घाटनाच्या रात्रीच ट्रॅक धोक्याचा ठरला, कार्यक्रम रद्द करावा लागला. इमारत कितीही मोठी असो, शेवटचा शब्द मातीचा. आणि २०२३ च्या हंगामाअखेर पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन या जुन्या क्लबांच्या हातून तर मैदानंच गेली. तिथे आता "नाही" म्हणायलाही कुणी उरलं नाही.

आयुष्यभर मी मुलांकडून लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. झालेल्या लढायांच्या! शहाणपणानं टळलेल्या लढाईची तारीख कधी फळ्यावर लिहिली नाही. त्या संध्याकाळची नोंदही क्लबच्या वहीत दोनच शब्दांची असणार: "पावसामुळे रद्द". त्यात ती बाई नाही, दाताळं नाही, चार तास नाहीत.

म्हणून म्हटलं, निदान इथे तरी लिहून ठेवावं. असो. तुमच्या आठवणीत असं कुणी असेल तर जरूर कळवा.