लाल बावटा न लावलेलं जहाज

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे: आगीच्या जागी कोणी कोणाला काय सांगायचं.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. मध्यरात्री सर्व्हर बसला की आमच्याकडे एकाला 'इन्सिडेंट कमांडर' नेमतात. निर्णय त्याचा, आणि बाहेरच्यांशी बोलायला दुसरा माणूस. ही आयटीवाल्यांची शक्कल नव्हे बरं का. कॅलिफोर्नियात 1970 साली मोठे वणवे पेटले, तेव्हा एकमेकांचं बोलणंच एकमेकांपर्यंत पोचेना. त्यातून अग्निशमन दलांनी ही पद्धत बसवली. आम्ही ती उचलली. पण हे वाचताना मला आठवत राहिली ती मुंबईची गोदी, त्याच्या 26 वर्षं आधीची.

12 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, आणि वर कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, सोन्याच्या विटा. म्हणजे काडेपेटी आणि कापूस एकाच खिशात! स्फोटकांच्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. तो लावलाच नव्हता. म्हणजे शेजारच्या जहाजांना, धक्क्यावरच्या हमालांना कळायचं कसं?

14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. खबर द्यायला गेलेल्याला फोन नीट मिळेना, म्हणून अलार्मची काच फोडली, असं सांगितलं जातं. आता अलार्म 'आग' एवढंच सांगतो, 'दारूगोळा' म्हणत नाही. सुरुवातीला बंब आले ते साध्या आगीचे. खरं काय ते जागेवर गेल्यावर समजलं, मग जादा कुमक मागवली.

पुढचा घोळ जास्त वाईट. कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे लोक होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. जहाज जागीच बुडवावं, ओढून समुद्रात न्यावं, की नुसतं पाणी मारत राहावं? जो तो आपापल्या परीने बरोबर, आणि शेवटचा शब्द कोणाचाच नाही. म्हणून पाणीच मारत राहिले, 900 टनांहून जास्त. आग मात्र विझेना. 3:50 ला जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. 4:06 ला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद 1,700 किलोमीटरवरच्या सिमल्यात झाली. सोन्याच्या विटा गावभर उडाल्या. लोकांना गोष्टीतलं तेवढंच आठवतं, आणि मला त्याचा रागच येतो. कारण त्या आगीत अग्निशमन दलाची 66 माणसं गेली. एकूण मृतांचे आकडे वेगवेगळे सांगतात, पण ते शेकड्यांत आहेत, कोणी हजारांवर नेतात.

बरं, नंतर तरी लोकांना नीट सांगितलं का? तेही नाही. युद्ध चालू, म्हणून सेन्सॉर. मसजीद-मांडवीच्या गल्ल्या जळतायत, लोक पोरंबाळं घेऊन पळतायत, धूर अख्ख्या मुंबईला दिसतोय, आणि अधिकृत बातमीला परवानगी मिळाली मे महिन्यात. दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली कोणी, तर जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. शत्रूपासून लपवायची म्हणून दाबलेली बातमी शत्रूच्याच रेडिओवर! आपली माणसं जिवंत आहेत का हे शोधणाऱ्यांना मात्र तोंडी अफवांवर भागवावं लागलं असणार.

त्या 66 जणांच्या आठवणीत देशभर 14 ते 20 एप्रिल 'अग्निशमन सेवा सप्ताह' पाळतात. जवान सोसायट्यांत, शाळांत येऊन सिलिंडर कसा वापरायचा ते दाखवतात. यंदा आले की त्यांना एक विचारा: 101 लावला तर नेमकं काय सांगायचं? पत्ता तर सगळेच सांगतात. तळमजल्यावरच्या दुकानात थिनरचे डबे भरलेत, हे कोण सांगतं?

चला, भेटू पुढच्या भागात.