एकत्र वजन कमी करण्याचा इतिहास: जे मध्येच सोडून गेले, त्यांची नोंद कुठे शोधायची?



पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. "विषय फार घरगुती वाटला तर गाईड नाही म्हणतील का?" म्हणून आज मुद्दाम अगदी घरगुती विषय घेते: मैत्रिणीबरोबर, नवऱ्याबरोबर किंवा गट करून वजन कमी करणं. याला इतिहास आहे का? आहे, चांगला शंभर वर्षांचा आहे. पण तो लिहायला बसलं की एक अडचण येते. ती मला पुस्तकात कळायच्या आधी होस्टेलवर भेटली होती.

एम.ए.ला असताना मी आणि माझ्या रूममेटनं एकत्र वजन कमी करायचं ठरवलं. दाराच्या मागे कॅलेंडर लावलं. दर रविवारी वजन करायचं आणि दोघींचे आकडे त्या चौकोनात लिहायचे. सात रविवार दोन-दोन आकडे आहेत. आठव्या रविवारपासून एकच, माझा. पुढची कित्येक वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगायचे की "मी टिकले, तिनं सोडलं." कॅलेंडर पुरावा होताच ना! या गोष्टीकडे शेवटी परत येऊ.

सुरुवात कुठून धरायची?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला मोह होतो तो "पहिला गट कुणी काढला" हे शोधण्याचा. तो मोह थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, की लोकांना हे काम एकत्र करावंसं का वाटलं? प्रत्येक काळात याचं उत्तर वेगळं मिळतं.

१९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर बाईंचं आहारावरचं पुस्तक आलं. सामान्य वाचकाला कॅलरी मोजायला शिकवणारं हे सुरुवातीचं गाजलेलं पुस्तक. बाईंनी त्यात बायकांना वजन उतरवण्याचे वर्ग काढायला सुचवलं आणि त्या वर्गांच्या नावातच जर्मनीच्या कैसरला विरोध घातला! पहिलं महायुद्ध चालू होतं, अन्न वाचवणं हे देशकार्य होतं. म्हणजे इथे एकत्र येण्याचं कारण देशभक्ती.

पुढचा टप्पा १९४८चा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात एस्थर मान्झ या गृहिणीनं तीन मैत्रिणींबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती 'टॉप्स' हा गट सुरू केला. नमुना समोर होता तो १९३५पासून चालू असलेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा. एकाच त्रासातली माणसं एकत्र बसतात आणि एकमेकांना सावरतात, ही कल्पना दारूवरून जेवणावर आली. इथे कारण देश नाही, तर आधार आहे.

जीन नायडेच आणि लपवलेली बिस्किटं

आता या इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. १९६१, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. जीन नायडेच ही गृहिणी २१४ पौंडांची, म्हणजे साधारण ९७ किलोंची. बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईनं तिला "बाळ कधी होणार?" असं विचारलं. ती गरोदर नव्हती. त्या धक्क्यानं ती न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा क्लिनिकमध्ये गेली. तिथला आहार पाळला, वजन उतरूही लागलं. पण घरी ती बिस्किटं लपवून खायची आणि क्लिनिकमध्ये हे कबूल करायची तिची हिंमत होत नव्हती.

मग तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांचं सांगून टाकलं. त्यावर त्यांनीही आपापल्या लपवाछपवीच्या गोष्टी सांगितल्या. दोन महिन्यांत चाळीस बायका येऊ लागल्या. १९६२च्या ऑक्टोबरपर्यंत ती १४२ पौंडांवर, म्हणजे ६४ किलोंच्या आसपास आली. १९६३ मध्ये अल आणि फेलिस लिपर्ट या जोडप्याच्या साथीनं 'वेट वॉचर्स' कंपनी उभी राहिली. १९६८ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीनं ती विकत घेतली. दिवाणखान्यातली कबुली सतरा वर्षांत सॉस विकणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली!

इथे जरा थांबा. आहार शहराच्या आरोग्य खात्याचा होता, त्यात जीनचं स्वतःचं काही नव्हतं. तिनं त्यात भर घातली ती सोबतीची. क्लिनिकमध्ये समोर तज्ज्ञ होता, घरी समोर स्वतःसारखीच माणसं होती. 'सोबतीनं वजन उतरतं' या समजुतीचं मूळ बऱ्याच अंशी या गोष्टीत आहे.

पण ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली? स्वतः जीननं, भाषणांतून आणि पुस्तकांतून, आणि तिच्या कंपनीनं. मग ती खोटी आहे का? तसं म्हणायचं कारण नाही. पण ती जिंकलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्या चाळीसपैकी पुन्हा कधी न आलेल्या बाईनं आत्मचरित्र लिहिलं नाही.

गेलेल्यांच्या खुणा

मग त्यांना शोधायचं कुठे? एक जागा म्हणजे गटाचे नियम आणि विधी. टॉप्सच्या जुन्या काळात काही शाखांमध्ये वजन वाढलेल्या सभासदाला सगळ्यांसमोर 'डुक्कर' ठरवायची प्रथा होती. हसतखेळत चालायचं, असं म्हणता येईल. पण असा विधी वाचला की मी समासात लिहून ठेवते: पुढच्या आठवड्यात ही बाई आली असेल का? आधार देणारा गट लाजही देऊ शकतो. बहुतेक वेळा दोन्ही एकाच खोलीत चालू असतं.

आकडे आले, प्रश्न तोच

"मग सरळ प्रयोग करून बघावं की!" असं तुम्ही म्हणाल. तेही झालंय. १९९९ मध्ये रेना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांचा १६६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही जण एकटे आले होते, काही तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि २४ टक्क्यांनी उतरवलेलं वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्ण टिकवलं. मित्रांबरोबर येऊन एकमेकांना साथ देण्याचं प्रशिक्षणही घेतलेल्यांत हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते.

फरक मोठा आहे. पण बघा, एकटं यायचं की मित्रांबरोबर, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. ज्याला तीन मित्र बरोबर आणता येतात, त्याचं आयुष्य मुळातच वेगळं असू शकतं. मग परिणाम सोबतीचा की त्या आयुष्याचा?

२००७चा निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांचा अभ्यास तर जगभर गाजला. फ्रेमिंगहॅम या गावातल्या हृदयरोगाच्या दीर्घ अभ्यासातली १२,०६७ माणसं, १९७१ ते २००३ एवढा काळ. निष्कर्ष असा, की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, जोडीदार झाला तर ३७ टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी दाखवलं, की तशीच पद्धत वापरली तर मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांमध्ये 'पसरताना' दिसते! सारखी माणसं मैत्री करतात की मैत्रीनं सारखी होतात, हे वेगळं काढणं सोपं नाही.

तरी या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. मित्र कोण, हे त्यांना कळलं कुठून? फ्रेमिंगहॅमच्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येकाकडून एका जवळच्या मित्राचं नाव लिहून घेतलं होतं. उद्देश एवढाच, की माणूस गाव सोडून गेला तर त्याचा पत्ता लागावा. निसटणाऱ्या माणसांसाठी केलेली कारकुनी नोंद तीस वर्षांनी संशोधनाचं साधन झाली. अशा नोंदी शोधायची सवय लावून घ्या.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आपल्याकडे हा विषय कुठे सापडेल? फार लांब जायला नको. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत सांगितली आणि ती पाळणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. असा एखादा ग्रुप तुमच्या घरातही कुणाच्या तरी फोनवर असेल. दहा वर्षांनी यातलं काय उरेल? यशाचे फोटो उरतील. 'लेफ्ट' एवढाच शब्द मागे ठेवून गेलेल्यांचं काय?

विषय घ्यायचा असेल तर तीन गोष्टी आधी करा. सुरू करणाऱ्यांची यादी मिळवा, शेवटपर्यंत राहिलेल्यांची मिळवा आणि मधल्या फरकावर एक प्रकरण लिहायचं ठरवा. दुसरं, प्रत्येक साधनाला विचारा की हे कुणी, कशासाठी जपलं. तिसरं, वजन ही खाजगी बाब आहे. मुलाखतीआधी लेखी संमती घ्या, नावं बदला.

आणि शक्य असेल तर गेलेल्या माणसाला सरळ विचारा. मागच्या वर्षी एका लग्नात माझी ती रूममेट भेटली. मी हसत हसत कॅलेंडरचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, मी सोडलं नव्हतं. तू रोज सकाळी 'काल काय खाल्लंस?' विचारायचीस ना, ते नको व्हायचं. म्हणून मी लिहिणं बंद केलं. संध्याकाळी एकटी ग्राउंडवर जायचे, परीक्षेपर्यंत."

आठव्या रविवारचा तो रिकामा चौकोन मी इतकी वर्षं चुकीचा वाचत होते. आणि त्यातलं निम्मं कारण तर मीच होते.