वापिटी ते मिग-२५ : भारतीय हवाई दल आणि आपली मुले

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णे हे गाव लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला हा ऊसपट्टा. आषाढात तुकोबांची पालखी सणसर सोडून, बेलवाडीचे रिंगण करून याच वाटेने इंदापूरला जाते. एका बाजूला जवळच वालचंदनगरचा कारखाना, तर दुसऱ्या बाजूला बारामती. तिथल्या धावपट्टीवर अनेक वर्षे नागरी वैमानिकांचे प्रशिक्षण चालत आले आहे. शिकाऊ मुलांची छोटी विमाने या परिसराला नवी नाहीत. उसाच्या फडात काम करणारा माणूस मान वर करून क्षणभर पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो.

या आकाशात आपल्या समाजाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. मुलगा हुशार निघाला तर त्याने इंजिनिअर व्हावे, नाही तर डी.एड. करावे, तेही नाही जमले तर आखातात जावे. सैन्यदलातील अधिकारी, त्यातही वैमानिक, हा विचार आपल्या घरांत सहसा होत नाही. कोणी विषय काढलाच तर घरातला वडीलधारा एका वाक्यात मिटवतो, ‘अपने को कौन लेते?’ दुसरीकडे या देशातल्या मुसलमानाच्या निष्ठेवर शंका घेणाऱ्यांचीही कमतरता नाही. वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोघांचाही इतिहासाशी परिचय नाही. म्हणून हा इतिहास थोडा तपशिलाने पाहायला हवा. त्याची सुरुवात अंथुर्ण्याच्या शेजारीच होते.

वालचंद आणि मिर्झा इस्माईल

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर १९३० नंतरच्या काळात साखर कारखाना उभा केला आणि त्यांच्या नावाचे गाव वसले. हे सर्वांना ठाऊक आहे. याच माणसाने देशातला पहिला विमान कारखाना काढला, हे मात्र या भागातल्या नव्या पिढीला क्वचितच माहीत असते. १९३९ साली एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि भारतातच विमाने बांधण्याची कल्पना त्यांच्या मनाने घेतली. दुसरे महायुद्ध सुरू झालेले होते. इंग्रज सरकार आधी थंड होते, मग नाइलाजाने राजी झाले.

प्रश्न होता जागेचा आणि भांडवलाचा. तेव्हा म्हैसूर संस्थान पुढे आले. संस्थानचे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. १९२६ ते १९४१ अशी पंधरा वर्षे त्यांनी हा कारभार सांभाळला. त्यांच्या पुढाकाराने संस्थानने बंगळूरला जमीन दिली, भांडवलात भागीदारी घेतली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. १९४१ साली अमेरिकन बनावटीचे हार्लो हे शिकाऊ विमान येथे जोडून तयार झाले. युद्धाच्या गरजेपोटी १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. आजची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ती हीच.

सोलापूरचा एक जैन उद्योगपती आणि म्हैसूरच्या हिंदू राजाचा मुसलमान दिवाण यांच्या मेळातून हा कारखाना उभा राहिला. पुढे तेथेच कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी ‘एचटी-२’ या शिकाऊ विमानाचा आराखडा केला. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. पुढची कित्येक वर्षे हवाई दलातील तरुणांनी उड्डाणाची बाराखडी या विमानावर गिरवली.

सुरुवातीचे वैमानिक

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकून आलेले पाच भारतीय तरुण हे पहिले वैमानिक. हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, अमरजित सिंग आणि ऐझाद बक्ष अवान. पाचांत एक मुसलमान होता. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्याजवळ होती चार वापिटी विमाने. वापिटी म्हणजे दोन मजली पंखांचे, उघड्या बैठकीचे, तेव्हाच जुने झालेले विमान.

याच जुन्या विमानांवर ज्याच्या नोकरीची सुरुवात झाली, असा एक तरुण पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला. त्याचे नाव इद्रिस हसन लतीफ.

लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ चा, हैदराबादचा. निजाम कॉलेजात शिकत असताना ते हवाई दलाकडे वळले. अंबाल्यात प्रशिक्षण झाले आणि २६ जानेवारी १९४२ रोजी, एकोणिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांना कमिशन मिळाले. पहिली नेमणूक कराचीला, किनारा संरक्षणाच्या तुकडीत. वापिटी, हार्ट, ऑडॅक्स अशा विमानांतून अरबी समुद्रावर फिरून शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढायचा, हे काम. पुढे निवडक भारतीय वैमानिकांबरोबर त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. तेथे हरिकेन आणि स्पिटफायर या त्या काळच्या नामांकित लढाऊ विमानांवर त्यांचा हात बसला. १९४४ मध्ये परतल्यावर त्यांनी ब्रह्मदेशच्या मोहिमेत भाग घेतला.

१९४७ ची निवड

मग फाळणी आली. जमीन, तिजोरी, रेल्वे यांच्याबरोबर सैन्याचीही वाटणी झाली. कराची, लाहोर, पेशावर, कोहाट हे तळ पाकिस्तानात गेले. विमाने मोजून वाटली गेली. माणसांना विचारले गेले, तुम्ही कोठे जाणार?

हा प्रश्न मुसलमान अधिकाऱ्याला विचारणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. लतीफ तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ज्यांच्यासोबत उड्डाणे केली, ज्यांच्याबरोबर एका मेसमध्ये जेवले, ते असगर खान आणि नूर खान पाकिस्तानच्या हवाई दलात निघाले होते. त्यांनी लतीफ यांनाही येण्याचा आग्रह केला. तेथे बढतीचा मार्ग मोकळा होता, हे उघड आहे. असगर खान १९५७ मध्ये आणि नूर खान १९६५ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झालेच. लतीफ यांचे उत्तर साधे होते. धर्म आणि देश या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकमेकांत गुंतलेल्या नव्हत्या. ते येथेच राहिले.

त्यांचे शहर हैदराबाद. त्या वेळी ते संस्थान भारतात सामील झालेले नव्हते. म्हणजे ज्या देशाची निवड त्यांनी केली, त्यात त्यांचे घर अजून यायचे होते. निष्ठेची परीक्षा घेऊ पाहणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा. आणि ‘अपने को कौन लेते’ म्हणणाऱ्यांनी पुढचा तपशील लक्षात ठेवावा. चौथ्या स्क्वाड्रनचे नेतृत्व, अमेरिकेतील दूतावासात हवाई प्रतिनिधी, १९७१ च्या युद्धकाळात हवाई मुख्यालयात योजना विभागाची जबाबदारी, अशा पायऱ्या चढत १ सप्टेंबर १९७८ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले. त्यांनी सूत्रे घेतली ती मुंबईत जन्मलेल्या हृषीकेश मुळगावकर यांच्याकडून. मुळगावकर हे काश्मीरच्या लढाईतील पराक्रमासाठी महावीर चक्र मिळालेले वैमानिक. पुढे ते पुण्यात राहिले आणि २०१५ मध्ये तेथेच वारले.

लतीफ यांच्या तीन वर्षांच्या काळात जग्वार विमाने दलात आली, मिग-२३ आणि मिग-२५ यांच्या खरेदीचा पाठपुरावा झाला. निवृत्तीच्या तोंडावर, ऑगस्ट १९८१ मध्ये, अठ्ठावन्न वर्षांच्या या दलप्रमुखाने मिग-२५ मधून उड्डाण केले. मिग-२५ आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाऊ शकत असे. वापिटीचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. एका माणसाच्या नोकरीत विमानविद्येने एवढी मजल मारली होती.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते नंतर जुळले. १९८२ ते १९८५ या काळात ते आपले राज्यपाल होते. त्यांच्या पत्नी बिल्किस लतीफ या अली यावर जंग यांच्या कन्या. तेही पूर्वी याच राजभवनात राज्यपाल म्हणून राहिलेले. बिल्किस यांनी धारावीच्या वस्तीत केलेले काम जुन्या मंडळींना आठवत असेल. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लतीफ ३० एप्रिल २०१८ रोजी हैदराबादेत वारले.

नवव्या क्रमांकाचा उमेदवार

ज्याची निवड झाली त्याची गोष्ट आपण सांगतो. ज्याची झाली नाही त्याचीही सांगायला हवी. रामेश्वरमच्या एका नावाड्याच्या मुलाने मद्रासला विमान अभियांत्रिकी शिकून, बंगळूरच्या त्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये उमेदवारी केली. वैमानिक होण्याचे स्वप्न घेऊन तो देहरादूनला हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेला. पंचवीस उमेदवारांत त्याचा क्रमांक नववा लागला आणि घ्यायचे होते आठ. त्याचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. ते निराश झाले, पण दिल्लीला संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात रुजू झाले. त्यापुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून राष्ट्रपती कलाम सुखोई-३० मध्ये बसून सुमारे अर्धा तास उडाले. वय चौऱ्याहत्तर. लढाऊ विमानातून जाणारे ते पहिले राष्ट्रपती. तीन वर्षांनी आपल्या प्रतिभाताई पाटील यांनीही याच तळावरून तसेच उड्डाण केले. देहरादूनला हुकलेली बैठक कलामांना अशी पुणे जिल्ह्यात मिळाली. पण त्यांचे आयुष्य त्या बैठकीवाचून थांबले नव्हते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

वैमानिक कसा घडतो

आता व्यवहाराचे बोलू. बारामतीत शिकतात ते नागरी वैमानिक. तेथे खर्च पालकांचा असतो आणि तो लाखांत जातो. हवाई दलाचे तसे नाही. बारावीला गणित व भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलाला लोकसेवा आयोगाची एनडीएची परीक्षा देता येते. ती वर्षातून दोनदा होते. खडकवासल्याची ही प्रबोधिनी अंथुर्ण्यापासून काही तासांवर आहे. तेथील शिक्षणाचा भार सरकार उचलते. पदवीनंतर जायचे तर सीडीएस आणि हवाई दलाची स्वतःची एएफसीएटी, असे दोन मार्ग आहेत.

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाची सुमारे पाच दिवसांची चाचणी असते. तेथे पाठांतर चालत नाही. गटात बोलणे, अडचणीत मार्ग काढणे, इतरांना सोबत घेणे हे पाहिले जाते. वैमानिकासाठी आणखी एक कलचाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला की तो दरवाजा कायमचा बंद, म्हणून तयारीविना जाऊ नये. मग वैद्यकीय तपासणी. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. पायांची व मांडीची लांबीही मोजतात, कारण विमानातील बैठकीत शरीर नीट बसले पाहिजे. डोळ्यांची तपासणी तर फारच कडक.

हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनीत खरे उड्डाण सुरू होते. २०१३ पासून तेथे स्वित्झर्लंडचे पिलाटस विमान आहे. पहिल्या टप्प्यानंतर वाटा फुटतात. कोणी लढाऊ विमानांकडे, कोणी मालवाहू विमानांकडे, कोणी हेलिकॉप्टरकडे. मुलाची आवड विचारतात, पण निर्णय गुणवत्ता, प्रशिक्षकांचे मत आणि रिकाम्या जागा यांवर होतो. लढाऊ वाटेचे विद्यार्थी पुढे बिदरला हॉक विमानावर शिकतात. तेथून स्क्वाड्रनमध्ये गेल्यावरही शिक्षण संपत नाही. नवा वैमानिक रात्रीची उड्डाणे, शस्त्रांचा सराव, जोडीने उडणे हे टप्पे पार करतो, तेव्हाच त्याला मोहिमेवर जाण्यास लायक मानतात. हेलिकॉप्टर मिळाले म्हणून कोणी कमी ठरत नाही. पुरात छपरावर अडकलेल्या माणसाला तेच उचलून आणते.

आयुष्य सोपे नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलांच्या शाळा बदलणे, पत्नीची नोकरी सुटणे, आणि अपघाताची टांगती भीती. घरच्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

अडथळे कोणते?

समाजाच्या मनात असलेल्या शंका खोट्या म्हणून झटकून टाकता येत नाहीत. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, त्यात तिन्ही सैन्यदलांतील मुसलमानांची आकडेवारी नाही. ती मागवण्यावरूनच मोठा वाद झाला होता. दाढीचा प्रश्नही आहे. हवाई दलातील मुस्लिम कर्मचाऱ्यांनी दाढी ठेवण्याची परवानगी मागितली होती. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. शिस्त आणि एकसारखेपणा यांना न्यायालयाने महत्त्व दिले. हे मान्य असो वा नसो, दलात जाणाऱ्या मुलाला हा नियम आधी माहीत असावा.

पण भेदभावाच्या शंकेआधी एक साधा हिशेब मांडावा. आपली किती मुले बारावीला गणित घेतात? किती जण एनडीएचा अर्ज भरतात? ‘भरती’ म्हणजे मैदानावर धावणे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. अधिकारी होण्याची वाट वेगळी आहे, हे सांगणारे घरात कोणी नसते. अर्जच केला नाही, तर नाकारले कोणी, हा प्रश्नच उरत नाही.

साधने महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली. २०१६ मध्ये तीन तरुणी लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या आणि २०२२ पासून एनडीएची दारे मुलींना उघडली. तेव्हा ‘बेटी है’ ही सबबही आता उरलेली नाही.

आपल्या मोहल्ल्यांतील अंजुमन, मशिदींचे विश्वस्त, शाळांचे शिक्षक यांनी दरवर्षी दहावीच्या निकालानंतर एक सभा घ्यावी आणि या परीक्षांची माहिती द्यावी. एखाद्या निवृत्त फौजी चाचांना बोलवावे. इंदापूर, बारामतीसारख्या तालुक्यांतून वर्षाला दहा मुलामुलींनी जरी पूर्ण तयारीने परीक्षा दिली, तरी सुरुवात होईल. त्यांतले काही निवडले जातील, काही कलामांसारखे नववे येतील आणि दुसरी वाट धरतील. निवड मंडळापुढे उभे राहण्याचे धैर्य मात्र दहाही जणांच्या पदरी पडेल.