रात्रभर मशीन लावूनही दिवसा थकवा? मशीन माळ्यावर टाकण्याआधी 'या' गोष्टी तपासा

आरोग्य वार्ता | तालुका वार्ताहर

शहरात जाऊन झोपेची तपासणी केली, स्लीप एप्निया निघाला, हजारो रुपये मोजून सीपॅप मशीन घरी आणली. घोरणं थांबलं. पण दोन-तीन महिने झाले तरी सकाळी अंग जडच, दुपारी बांधावर टेकलं की डुलकी. मग घरचे म्हणतात, "पैसे पाण्यात गेले." आणि मशीन माळ्यावर जाते. असं करू नका. थकव्याचं कारण बहुतेक वेळा सापडतं. ते कुठे शोधायचं, हे क्रमाने पाहू.

मशीन नेमकं काय करते?

या आजारात झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट वारंवार बंद होते. प्रत्येक वेळी मेंदू दचकून जागा होतो, पण माणसाला ते कळत नाही. आपल्याकडे अनेक जण सीपॅपला ऑक्सिजनची मशीन समजतात. ती तशी नाही. खोलीतलीच हवा दाबाने देऊन ती वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. आजार साधा नाही. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं.

१) किती तास लावता?

रात्री दहाला लावली आणि दोन वाजता काढून ठेवली, तर अर्धी रात्र उपचाराविना गेली. त्यातही स्वप्नं पडणारी झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांचा श्वास त्याच झोपेत जास्त अडतो. म्हणून जितका वेळ झोप, तितका वेळ मशीन. लघवीला उठलात तर परत लावा. दुपारच्या झोपेलाही लावा.

२) हवा गळते का?

मास्क सैल असेल, दाढी-मिशी दाट असेल किंवा झोपेत तोंड उघडं राहत असेल तर हवा बाहेर जाते. सकाळी तोंड कोरडं पडणं, डोळ्यांना वारा लागणं ही त्याची खूण. पट्टा फार आवळू नका, त्यानेही गळती वाढते. मास्कची मऊ कड झिजली असेल तर बदला. आपल्याकडे धूळ जास्त, त्यामुळे फिल्टरकडे दर आठवड्याला बघा.

३) स्क्रीनवरचा आकडा बघा

बऱ्याच मशीनवर सकाळी 'एएचआय' हा आकडा दिसतो. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला, ते त्यातून कळतं. ५ च्या आत असेल तर ठीक. रोज त्याच्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. वजन वाढलं तर जुना दाब कमी पडू शकतो. काहींना मशीन सुरू केल्यावर वेगळ्या प्रकारचे श्वासाचे खंड पडतात. दाब स्वतः किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नका. एक लक्षात ठेवा, मशीन काढून झोपलात तो वेळ या आकड्यात धरला जात नाही. त्यामुळे आकडा आणि तास दोन्ही बघा.

४) लाईट गेली तर?

रात्री लाईट गेली की मशीन बंद. लाईट आल्यावर ती परत सुरू झाली का, ते घरच्यांनी बघावं. शक्य असेल तर इन्व्हर्टरवर जोडा. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर बॅटरी जास्त वेळ पुरते.

५) मुळात झोप पुरते का?

रात्रीच्या लाईटवर दारं धरायला गेलात आणि पहाटे धारा काढायला उठलात, तर चार तासांच्या झोपेत कोणतीही मशीन थकवा घालवू शकत नाही. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्रीची दारू घसा आणखी सैल करते. उशिराचा चहा आणि तंबाखू झोप मोडतात.

६) सगळं नीट आहे, तरी थकवा?

मग कारण दुसरीकडे शोधा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. ॲलर्जीच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही मरगळ येते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा. रात्री पायात वळवळ होते का, मन कशात लागत नाही का, तेही सांगा. लाजू नका. सगळं नीट असूनही काही जणांची दिवसाची झोप उरतेच. त्यावर औषध आहे, पण ते तज्ज्ञांनीच द्यायचं.

थकवा आणि झोप यातला फरक डॉक्टरांना नीट सांगा. अंगात त्राण नसणं वेगळं आणि बसल्या जागी डोळा लागणं वेगळं. डोळा लागत असेल तर ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नका. उसाच्या ट्रॉलीवर एक डुलकी जीव घेते.

डॉक्टरांकडे जाताना मशीन किंवा तिचं कार्ड सोबत न्या आणि आठवडाभराचे झोपेचे तास वहीत लिहून न्या. मशीन मात्र चालूच ठेवा. थकवा गेला नाही तरी ती रात्री तुमचा श्वास अडू देत नाही, हे विसरू नका.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)