वकील त्यांचा, अंगठा आमचा

‘वकील’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ‘अशील’ हा शब्दही तिकडूनच आला, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मूळ शब्द ‘असील’. असील म्हणजे मूळ माणूस, ज्याचं काम आहे तो. आणि वकील म्हणजे त्याने ज्याच्यावर काम सोपवलं तो. आपला ‘अस्सल’ शब्द याच कुळातला. मालक, वारस, करार, दस्त, मुखत्यार, जमीन ही सगळी मंडळीही अशीच अरबी-फारसीतून येऊन आपल्या सातबाऱ्यावर कायमची वस्तीला राहिली. मी कवितेतला माणूस, कायद्याचा पंडित नाही; बी.ए.पर्यंत शिकलो एवढंच. पण जमिनीच्या व्यवहारात वकिलाच्या हातून चूक किंवा लबाडी झाली, तर जाब कोणी विचारायचा, या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा शेवटी याच जुन्या शब्दापाशी येऊन थांबलो. अशील कोण?

आमचं डोळखांब शहापूर तालुक्यात. मध्य रेल्वेच्या आसनगाव स्टेशनवर उतरायचं, शहापुरातून आत वळायचं, की हळूहळू सह्याद्रीची भिंत आणि तिच्यापुढे बसलेला आजोबाचा डोंगर दिसायला लागतो. पलीकडे मुरबाड तालुका. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी असा हा मुलूख. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, नंतर गवत. तानसा, वैतरणा, भातसा या मुंबईला पाणी पाजणाऱ्या नद्या आमच्याच भागातल्या. मुंबईला आमचं पाणी फार पूर्वीपासून माहीत होतं. जमीन माहीत झाली ती मागाहून. आधी फार्महाऊसवाले आले, मग प्लॉट पाडणाऱ्या कंपन्या. आणि समृद्धी महामार्ग तालुक्यातून जाणार हे ठरल्यावर तर भावांचा मेळच राहिला नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

अशा व्यवहाराची रीत साधारण ठरलेली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट घेता येत नाही, म्हणून कंपनी आधी एखादा शेतकरी दाखला असलेला माणूस पुढे करते. मग विसार पावती, मग साठेकरार, आणि त्याबरोबर कुलमुखत्यारपत्र. दरम्यान कंपनीचा वकील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतो, फेरफार तपासतो, वर्तमानपत्रात चौदा दिवसांची जाहीर नोटीस देतो आणि ‘टायटल क्लिअर’ असा दाखला देतो. या कामाची फी कंपनी देते. दाखला कंपनीला मिळतो, त्याच्या आधारावर बँक कंपनीला कर्ज देते. जमीन विकणारा या सगळ्यात एकदाच येतो, अंगठ्यापुरता.

आमच्या घरी भाताचा आणि गवताचा व्यापार होता. अब्बांकडे लोक कागद घेऊन यायचे, आणि मी शिकलेला म्हणून वाचायचं काम माझ्याकडे असायचं. ओटीवर बसून मी कितीतरी साठेकरार मोठ्याने वाचले असतील. त्यातली भाषा अशी की एक वाक्य दीड पान चालतं आणि क्रियापद भेटेपर्यंत कर्ता विसरलेला असतो. एकदा एका म्हाताऱ्या ठाकरबाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाई, ह्यो वकील आपला हाय का त्यांचा?” मी म्हटलं, “त्यांचा, बाबा.” “मंग आपला कोन?” त्यांच्या त्या कागदावर शेवटी लिहिलेलं होतं की, सदर मजकूर मला वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो मला मान्य आहे.

हा प्रश्न काही आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि त्या दंग्यांत ठिकठिकाणी लोकांनी पहिल्यांदा मागितले ते कर्जाचे कागद. जाळले तेही कागदच. पैशापेक्षा कागद धोक्याचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. सरकारने त्यावर १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा केला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, ही एक. आणि सलोख्याच्या कामात व लहान दाव्यांत वकिलांनी उभं राहू नये, ही दुसरी. ब्रिटिशांनी वकिलाला दाराबाहेर ठेवलं, कारण आत आला तर तो सावकाराचाच असणार, हे उघड होतं.

शंभर वर्षांनी आपल्या सरकारने तेच केलं. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींच्या हातात जाऊ लागल्या होत्या. त्या परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४चा कायदा केला, तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी ठरावीक रक्कम भरून मूळ आदिवासी मालकाला परत मिळण्याची त्यात सोय होती. पुढच्या विक्रीसाठी जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आलं: जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता, याशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. आणि जमीन परत देण्याच्या कायद्यात नंतर कलम ९-अ घातलं गेलं, की या चौकशीत वकिलांनी हजर राहू नये. त्याला आव्हान दिलं गेलं. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये हा कायदा, वकिलांच्या मनाईसकट, वैध ठरवला.

मला ती मनाई योग्यच वाटते. पण ती चौकशीच्या खोलीपुरती होती. नुकसान होतं ते त्या खोलीत पाऊल पडण्याच्या कितीतरी आधी, मसुदा लिहिला जातो तिथे. आणि मसुदा लिहिणाऱ्याला दाराबाहेर ठेवणारा कायदा अजून तरी कोणी केलेला नाही.

वकील म्हटला की तो श्रीमंताचाच, असं मात्र समजू नका. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर दर वर्षी २ जानेवारीला लोक जमतात. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, तिथे १९४३ साली हिराजी पाटलांबरोबर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आपण त्यांना आझाद दस्त्यामुळे आणि विजेच्या मनोऱ्यांमुळे ओळखतो. पण हा माणूस कायद्याचा पदवीधर होता आणि त्याआधी त्याने कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या आणि शाळा काढल्या होत्या, हे भाषणांत फारसं येत नाही.

आता चुकलेल्या वकिलाकडे वळू. १९२६चा एक जुना केंद्रीय कायदा आहे, वकिलांच्या फीबद्दलचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की केवळ वकील आहे म्हणून कोणी निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटत नाही. म्हणजे दिवाणी दावा करता येतो. फौजदारीचं तसं नाही. बँकेसाठी घरांच्या कागदपत्रांवर अभिप्राय देणाऱ्या हैदराबादच्या एका वकिलाविरुद्ध सीबीआयने खटला भरला होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अभिप्राय चुकला एवढ्यावरून तो गुन्हेगार होत नाही, कटात सामील असल्याचा पुरावा हवा. ग्राहक न्यायालयाचा रस्ता १४ मे २०२४ रोजी बंद झाला: वकिलाचं काम ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ नव्हे, कारण वकील अशिलाच्या आज्ञेत राहून वैयक्तिक काम करतो.

राहिली बार कौन्सिल. तिथे कधी कधी न्याय होतो. दिल्लीच्या एका वकिलाने आपल्याच अशिलाकडून, मालकी वादात असल्याचं पक्कं माहीत असताना, घराचा भाग १ लाख ८० हजारांना घेतला आणि वर्षाच्या आत ३ लाख ४० हजारांना विकला. त्याची सनद एक वर्ष स्थगित झाली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली.

पण आमच्या ठाकरबाबांच्या प्रश्नाला थेट भिडणारा निकाल आला तो २४ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि तो आपल्याच बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या प्रकरणात. मुंबईतल्या एका मिळकतीच्या दाव्यात वकिलाने आपल्या अशिलातर्फे समझोत्याच्या अटी तयार केल्या होत्या. तिसऱ्याच माणसाने तक्रार केली की त्यात आमचा हक्क दडवला गेला. बार कौन्सिलने प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवलं. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी ती तक्रार टिकू दिली नाही. तक्रारदार हा त्या वकिलाचा अशील नव्हताच. आणि व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करायची तर सामान्यतः तसं नातं असावं लागतं. उलट बार कौन्सिललाच खर्चापोटी ५०,००० रुपये भरायला लावले.

निकाल मी चुकीचा म्हणणार नाही. हरलेला प्रत्येक माणूस समोरच्या वकिलाला कौन्सिलपुढे खेचायला लागला, तर कुणी धडपणे कुणाचं वकीलपत्र घेणार नाही. पण डोळखांबच्या ओटीवरून पाहिलं की या न्यायाची दुसरी बाजू दिसते. जमीन विकणारा कुणाचा अशील? कंपनीचा वकील कंपनीला जबाबदार. दाखला चुकला तर कंपनी त्याच्यावर दावा लावील. विकणाऱ्याने वकील केलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्याबाबतीत चुकलेला वकीलही नसतो. इंग्लंडमध्ये १९९५ साली ‘व्हाइट विरुद्ध जोन्स’ या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने थोडी फट ठेवली: मृत्युपत्र करायला उशीर लावणारा सॉलिसिटर, ज्यांना त्यातून पैसे मिळायचे त्या मुलींनाही जबाबदार ठरला, त्या त्याच्या अशील नसताना. पण त्यात मुलींचं आणि अशिलाचं हित एकच होतं. विक्रीत तसं नसतं. म्हणून त्या निकालातला ‘सामान्यतः’ हा एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचतो.

कंपन्यांनाही कागद फसवतात, नाही असं नाही. विक्रोळीतल्या गोदरेज अँड बॉइसच्या जमिनीवर १९५६-५७च्या सुमारास वन कायद्याच्या कलम ३५ची एक नोटीस निघाली होती. तिच्या आधारे जवळजवळ पन्नास वर्षांनी जमीन ‘खाजगी वन’ म्हणून सरकारची ठरू लागली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नोटीस नुसती काढून चालत नाही, ती बजावून पुढची कारवाई व्हायला हवी. कंपनी सुटली. आमच्या शहापूर-मुरबाडच्या सातबाऱ्यांवरही खाजगी वनाचे शिक्के आहेत. पण एवढी वर्षं दिल्लीपर्यंत लढायला वकील लागतो, स्वतःचा.

असा वकील फुकट मिळण्याची सोय कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, अमलात आला नोव्हेंबर १९९५ मध्ये. त्याच्या कलम १२ प्रमाणे आदिवासी, दलित आणि कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागू शकते. आणि सल्ला घ्यायला दावाच चालू असावा लागतो असं नाही. विसार पावतीच्या आधीही जाता येतं. आमच्याकडे हे माहीत असणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलं तरी चालतं. २०१०च्या नियमांप्रमाणे तिथल्या सचिवाने ते लिहून घ्यायचं असतं आणि त्याखाली त्या माणसाचा अंगठा घ्यायचा असतो.