मॉरिशसचे मराठी

हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या मराठी मजुरांचे वंशज. घरात नि बाजारात फ्रेंचमधून घडलेली क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, सरकारदरबारी इंग्रजी आणि देवापुढे मराठी, अशी या समाजाची भाषांची वाटणी आहे. देशाच्या लोकसंख्येत तो दोन टक्क्यांच्या आसपास भरतो.

बेटावर 1715 ते 1810 फ्रेंचांचे राज्य होते. इंग्रजांनी ते जिंकले तरी रहिवाशांची भाषा, कायदे व चालीरीती राखल्या. मळेवाले फ्रेंचच राहिले. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि मजुरांचा तुटवडा पडला. मग पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये या बोलीवर भारतातून माणसे नेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या बाजूची कुटुंबे पुष्कळ होती. त्यांनी जिथे पाऊल ठेवले तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला या मजुरीचे स्वरूप उलगडून सांगावे लागत नाही. धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली माणसे आजही मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात; नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि खाडा पडला की दंड. मॉरिशसमध्ये मुकादमाला ‘सिरदार’ म्हणत. तिथे एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ असे नाव होते. काम तेच, हत्यार तेच. फरक एवढाच की हंगाम संपल्यावर घराकडे परतणारी बैलगाडी त्यांच्या वाट्याला नव्हती.

कागदोपत्री बापाचे नाव पुढे आडनाव झाले, म्हणून तिथे बाप्पू, रामजी, सखाराम अशी आडनावे आढळतात. मंत्रिपद भूषवलेल्या शीलाबाई बाप्पू यांच्या नावातच हा सगळा प्रवास वाचता येतो: ‘बाई’ टिकली आणि कुणा पूर्वजाचे घरगुती नाव देशाच्या राजपत्रात पोचले.

या समाजाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे गणेशचतुर्थी. 1896 मध्ये भिवाजी घराण्याने बेटावर पहिला गणपती बसवला, म्हणजे पुण्यात टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला चालना दिल्यानंतर अवघ्या तीनच वर्षांनी. आज त्या दिवशी साऱ्या देशाला सार्वजनिक सुटी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ झाली. ढोलकी-झांजेच्या ठेक्यावर गोल फेर धरून ती नाचतात. रोजचे बोलणे क्रिओलमध्ये करणारी पोरेही ही गाणी मराठीतच म्हणतात. शाळांत मराठी ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. विसर्जनाला मूर्ती नदीवर किंवा समुद्रावर नेतात, आणि काठावर आरती मराठीत होते.