८० रकान्यांचा श्रीगणेशा
दिल्लीच्या हौज खासमध्ये ब्रिटिश मदतीने १९६१ साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज १९६३ साली आयआयटी झालं. पुढे तिथे आयसीएल १९०९ संगणक आला.

त्या काळी फोरट्रान या संगणकभाषेचा श्रीगणेशा पंच कार्डावर व्हायचा. कार्डाला ८० रकाने: पहिले ५ विधानाच्या क्रमांकाचे, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेचा, मजकूर ७ ते ७२. एक स्वल्पविराम चुकला की अख्खं कार्ड नव्याने पंच करायचं. गठ्ठा हातातून पडला तर विचारूच नका. शेवटचे ८ रकाने अनुक्रमांकासाठी राखले होते ते उगाच नव्हे!

ही भाषा शिकायची पुस्तकं परदेशी, महागडी. ती अडचण दिल्लीत शिकलेल्या व्ही. राजारामन यांनी बरीच हलकी केली. कानपूर आयआयटीत शिकवताना लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक १९६९ साली दिल्लीच्याच प्रेंटिस-हॉल ऑफ इंडियाने स्वस्तात काढलं.